आजार दिसत नाही, तेव्हा दिव्यांगत्व कसे दाखवायचे?

दीर्घ आजार आणि दिव्यांगत्वाचे लाभ या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून भुसावळला घरी शिवणकाम करीत असे. गेल्या काही वर्षांपासून मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. बोटे वाकडी झाली आहेत आणि सकाळी दोन-तीन तास हात उघडत नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला. तपासणीला बोलावले तो दिवस नेमका बरा होता. मी स्वतः चालत गेले. माझे म्हणणे फारसे ऐकून न घेता ३५ टक्के लिहिले गेले. घरचे म्हणतात, पुढच्या वेळी गोळ्या बंद करून जा. मी काय करावे? यजमान रेल्वेत नोकरीला आहेत.

ताई, गोळ्या बंद करण्याचा विचार प्रथम मनातून काढून टाका. आमवाताची औषधे मध्येच सोडल्यास सांध्यांची जी झीज होते, ती पुन्हा भरून येत नाही. शिवाय प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाला हवे असते ते उपचार चालू असतानाही शिल्लक राहिलेले व्यंग, उपचाराविना उफाळलेला आजार नव्हे.

तुमच्या पत्रावरून वाटते की, आपल्याला आमवात आहे आणि त्याची चिठ्ठी आहे, एवढ्यावर प्रमाणपत्र मिळायला हवे, अशी तुमची समजूत होती. ती तुमची एकटीची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत. त्यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. या २१ प्रकारांत आमवाताचे नाव नाही, तसे मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचेही नाही. मात्र ‘अस्थिव्यंग’ हा प्रकार आहे आणि आमवाताने हातापायांची हालचाल कायमची कमी झाली असेल, तर त्या हालचालीच्या तोट्याला प्रमाणपत्र मिळते, मग त्यामागचे कारण अपघात असो, पोलिओ असो की आमवात. म्हणून डॉक्टर तुमच्या दुखण्यापेक्षा सांध्याचा कोन, पकड आणि ताकद यांकडे अधिक लक्ष देतात. कोन मोजण्यासाठी गोनिओमीटर नावाची दोन पट्ट्यांची मापनी असते. मनगट किती वळते आणि गुडघा किती दुमडतो याचे अंश त्यावर वाचले जातात. हाताच्या बाबतीत अंगठा करंगळीपर्यंत पोहोचतो का, किल्ली चिमटीत धरता येते का, पेला मुठीत मावतो का आणि पिशवी बोटांत अडकवता येते का, हे वेगवेगळे पाहिले जाते. तुमचा नेहमीच्या वापराचा हात कोणता, यालाही महत्त्व असते.

आता तुमच्या ३५ टक्क्यांविषयी. हातांबरोबर पायांचीही तपासणी झाली होती का, हे आठवून पाहा. तुम्ही पत्रात फक्त हातांविषयी लिहिले आहे आणि मंडळापुढेही कदाचित तेवढेच सांगितले असेल. एकापेक्षा अधिक अवयवांत व्यंग असेल तर टक्के सरळ मिळवीत नाहीत, त्यासाठी ठरलेले सूत्र आहे. समजा, एका भागाचे ३० टक्के आणि दुसऱ्याचे २० टक्के आले, तर एकत्रित आकडा ५० होत नाही, सुमारे ४३ होतो. तरीही तो ४० च्या वर जातो आणि बहुतेक लाभांचे दार ४० टक्क्यांना उघडते. घोटे, पावले किंवा गुडघे जायबंदी असतील आणि ते तपासलेच गेले नसतील, तर तुमच्या बाबतीत फरक नेमका तिथे पडू शकतो.

पुढच्या तपासणीपूर्वी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक सविस्तर टिपण घ्या. आपल्याकडे केसपेपरवर साधारणपणे ‘नोन केस ऑफ आरए, ऑन ट्रीटमेंट’ (आमवाताचा रुग्ण, उपचार चालू) एवढीच ओळ असते. तिच्यावरून आजार कळतो, परंतु बाई भाकरी थापू शकते की नाही, हे कळत नाही. टिपणात आजार कोणत्या वर्षी निदान झाला, कोणती औषधे किती काळ घेतली, कोणते सांधे कायमचे वाकले आहेत आणि त्यामुळे कोणती कामे होत नाहीत, हे स्पष्ट यावे. उदाहरणार्थ, उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही, कात्री धरता येत नाही, भरलेली कळशी उचलता येत नाही, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. सोबत हातांचे व पावलांचे अलीकडचे एक्स-रे ठेवा, कारण सांध्याचे हाड झिजलेले एक्स-रेमध्ये दिसते आणि ते बऱ्या दिवशीही दिसतेच. सकाळी हात किती वेळाने मोकळे होतात, याची नोंद रोजच्या कॅलेंडरवरच करीत जा. त्या नोंदीला कायदेशीर पुराव्याचे मोल नाही, पण डॉक्टरांनी विचारल्यावर ‘कधी कधी फार दुखते’ याऐवजी नेमके उत्तर देता येते. एका वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडून मी हे पुष्कळदा ऐकले आहे की, आपल्याकडची माणसे तपासणीच्या टेबलापुढे ‘आंग दुखस, साहेब’ एवढे म्हणून गप्प होतात आणि बाहेर आल्यावर नातेवाइकांना सगळे सांगतात.

निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ५९ नुसार राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. अपील कोणाकडे करायचे, याची माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी मागावी. तुमचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्यावर मुदत लिहिलेली असेल. अशा वेळी मुदत संपण्याच्या सुमारास पूर्ण कागदांनिशी फेरतपासणी करून घेणे अपिलापेक्षा अधिक फलदायी ठरते, असे माझे मत आहे.

चाळीस टक्के झाले तरी तुम्हाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ बहुधा मिळणार नाही, कारण दिव्यांगांसाठी त्या योजनेची कौटुंबिक वार्षिक उत्पन्न मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि यजमानांचा पगार तिच्या पुष्कळ वर असणार. परंतु एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळेल. यजमान जुन्या करपद्धतीने प्राप्तिकर भरत असतील आणि तुम्ही मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असाल, तर त्यांना ७५,००० रुपयांची वजावट घेता येईल. व्यंग ८० टक्के किंवा अधिक असल्यास ती १,२५,००० रुपये होते. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. तुमच्या पालिकेत हा निधी कसा वाटला जातो, याची चौकशी करण्यास संकोच बाळगू नका; अनेक ठिकाणी मागणारेच नसल्यामुळे तो पडून राहतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. रुग्णालयाच्या फाटकापाशी ‘इतक्या रुपयांत इतके टक्के’ असे सांगणारे लोक भेटतात. खोट्या मार्गाने लाभ घेणाऱ्याला कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा प्रकरणांमुळे मंडळे सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागतात आणि त्याचा पहिला फटका तुमच्यासारख्या, ज्यांचा आजार वरून दिसत नाही अशा माणसांना बसतो.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला (वय २०) शाळेत असताना शिबिरात ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ असल्याचे सांगितले होते. त्याला वरचेवर हातपाय दुखण्याचा त्रास होतो आणि थंडीत तो अंथरुणाला खिळतो. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यामुळे बरेचसे उपचार तिकडेच झाले. त्याला प्रमाणपत्र मिळेल का आणि त्यावर पोलीस भरतीत किंवा तलाठी भरतीत आरक्षण मिळेल का?

गुरुजी, सिकलसेल हा २१ प्रकारांत नावानिशी दिलेला आजार आहे. थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांच्याबरोबर तो रक्ताच्या विकारांत येतो. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजांत तो आढळतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण अर्जाआधी एक गोष्ट निश्चित करावी लागेल. शिबिरात सहसा होणारी विद्राव्यता चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. तो मुलगा वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीनेच कळते. वाहकाला आजार नसतो आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. त्याच्यासाठी ही माहिती महत्त्वाची असते ती लग्न ठरवताना, कारण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. तुम्ही वर्णन केलेला त्रास रुग्णाचा वाटतो, तरीही ती तपासणी झालेली नसेल तर नंदुरबारला ती आधी करून घ्या.

सिकलसेलच्या रुग्णाला मंडळापुढे दाखवण्यासारखे बाह्य व्यंग बहुतेक वेळा नसते. तपासणीच्या दिवशी मुलगा हसतखेळत आला तर डॉक्टरांना तो धडधाकट दिसणार. वेदनेचे झटके वर्षातून किती वेळा आले, किती वेळा भरती करावे लागले, रक्त किती वेळा चढवले आणि कोणत्या अवयवाला इजा झाली, यांवरून आजाराची तीव्रता ठरते आणि हे सगळे कागदांतूनच सिद्ध होते. म्हणून त्याच्या भरतीची डिस्चार्ज कार्डे, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि हिमोग्लोबिनचे अहवाल तारखांच्या क्रमाने लावा. बार्डोली, सुरत भागातील दवाखान्यांचे कागद गुजरातीत असले तरी फेकू नयेत. ते घेऊन आपल्या जिल्ह्यातील शासकीय डॉक्टरांकडे जावे आणि त्यांचा सारांश इकडच्या केसपेपरवर उतरवून घ्यावा. आईवडिलांना सांगून ठेवा की, तोडीवर असताना मुलाला इंजेक्शन देऊन घरी पाठवले तरी त्या दिवसाची चिठ्ठी जपून ठेवायची. थंडी, अंगातले पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांनी झटका येतो. ऊसतोडीच्या फडात डिसेंबर-जानेवारीत तिन्ही एकत्र असतात, तेव्हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा जिथे तयार होतो तिथेच तो हरवतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर, करायचा असून त्यासाठी आधार, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र लागते. धडगावात नेटवर्कचा भरवसा नसतो, हे खरे. सेतू केंद्रातून अर्ज भरल्यास अर्जक्रमांकाची छापील पावती घेतल्याशिवाय तेथून उठू नका. अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच जिथे उपचार चालू आहेत त्या शासकीय रुग्णालयाकडेही करता येतो. प्रमाणपत्र नाकारले गेले तर कारणे लेखी मिळण्याचा अर्जदाराला हक्क आहे. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, देशभर चालते, त्यामुळे कुटुंब गुजरातेत असतानाही त्याचा उपयोग होतो.

आता भरतीविषयी, आणि हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात सिकलसेल धरला जातो. परंतु शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये ज्या गटांना दिले आहे, त्यांत रक्ताचे विकार नाहीत. एकाच कायद्याने एकाच मुलाला कॉलेजच्या दारात आत घ्यावे आणि नोकरीच्या दारात बाहेर ठेवावे, ही विसंगती मला आजवर कोणी पटेल अशी समजावून सांगितलेली नाही. यात एक अपवाद संभवतो. सिकलसेलमुळे मांडीच्या हाडाच्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो आणि तरुण वयातच लंगडेपणा येतो. तुमचा विद्यार्थी लंगडत असेल किंवा जांघेत सतत दुखत असल्याचे सांगत असेल, तर खुब्याची तपासणी करून घ्या. तिथे व्यंग आढळले तर ते अस्थिव्यंग म्हणून मोजता येते आणि अस्थिव्यंग कलम ३४ मध्ये येते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचा विचार मात्र अशा मुलाने करू नये, हे शिक्षक या नात्याने तुम्हीच त्याला सांगितलेले बरे. लेखी परीक्षेची आणि बैठ्या कामाची पदे त्याने पाहावीत.

आर्थिक मदतीसाठी संजय गांधी योजनेत सिकलसेलग्रस्तांचा वेगळा उल्लेख आहे, त्यामुळे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. मात्र त्या मार्गाने गेल्यास उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० रुपये धरतात आणि अनुदान महिना १,५०० रुपये मिळते. दिव्यांग म्हणून पात्र ठरल्यास मर्यादा ५०,००० होते आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये मिळतात. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा ‘हे तर गुजरातेत राहतात’ अशा आक्षेपाने अर्ज अडू नये म्हणून रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि मतदार यादीतील नाव सोबत जोडावे. तुमच्या आश्रमशाळेचा दाखला इथे उपयोगी पडेल. सिकलसेल रुग्णांना एसटीच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो, हेही त्याला सांगा, कारण दर महिन्याला औषधासाठी नंदुरबारला जाण्याच्या भाड्यापायीच कित्येक मुले वेदनेचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सोडून देतात.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या (वय ५२) दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. थोडी कोरडवाहू जमीन आहे, ती आता बटाईने दिली आहे. दिव्यांग प्रमाणपत्राला गेलो असता ‘तुमचा आजार यादीत नाही’ असे सांगून परत पाठवले. हे खरे आहे का?

वहिनी, हे खरे आहे. किडनी निकामी होणे हा २१ प्रकारांत येत नाही. डायलिसिसवरच्या माणसाचे आठवड्यातले निम्मे दिवस रुग्णालयात आणि उरलेले थकव्यात जातात, तरी त्याला दिव्यांग म्हणता येत नाही, ही कायद्यातील उणीव आहे. मधुमेहामुळे किडन्या गेल्या असतील, तर मात्र यजमानांचे डोळे आणि पायही तपासून घ्या. मधुमेहाने दृष्टी कमी झाली असेल किंवा पाय कापावा लागला असेल, तर त्या व्यंगाचा अर्ज वेगळा करता येतो.

प्रमाणपत्राशिवाय मिळणाऱ्या गोष्टी तुमच्या बाबतीत अधिक कामाच्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च समाविष्ट असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये भाडे लागत नाही. उपचारासाठी रेल्वेने जात असाल, तर ठरावीक नमुन्यात डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने जळगावला जाताना हे सहज जमेल.

संजय गांधी योजनेच्या नियमांत क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या’ आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा उल्लेख आहे. त्या ‘यासारख्या’ शब्दाचा आधार घेऊन शासकीय डॉक्टरांच्या दाखल्यासह तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. अडचण येईल ती उत्पन्नाच्या दाखल्याची. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या उत्पन्नात खानदेशात कोणते कुटुंब जगते, हे ती मर्यादा कायम ठेवणाऱ्यांनाच विचारायला हवे. बटाईतून प्रत्यक्ष किती हाती येते, ते तलाठ्यांना दाखवा. जमीन सातबाऱ्यावर आहे एवढ्यावरून पूर्वीसारखे पूर्ण उत्पन्न धरले जाऊ नये, म्हणून पीकपाहणीची नोंद आणि बटाईचा लेखी करार जवळ असू द्यावा.

प्रश्न : शिंदखेडा तालुक्यातील माझ्या वडिलांना (वय ७१) पार्किन्सन आहे. गोळी घेतल्यावर ते दोन-तीन तास बरे चालतात, नंतर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. धुळ्याला तपासणीला नेताना गोळी द्यावी की नाही?

गोळी वेळेवर द्यावी. पार्किन्सन हा २१ प्रकारांत आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळा वाद घालावा लागणार नाही. गोळी किती वाजता घेतली आणि तिचा असर किती वाजता उतरतो, हे कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. या आजारातील हा चढउतार मेंदूविकारतज्ज्ञांना परिचित असतो. घरी पाय अडकलेल्या अवस्थेत उठताना आणि वळताना त्यांचे जे होते, त्याचे छोटे चित्रीकरण मोबाइलवर ठेवा आणि ते पाहण्याची विनंती करा. गेल्या वर्षभरात ते किती वेळा पडले, हेही आवर्जून सांगा. वय ६५ च्या पुढे असल्यामुळे अनुदानासाठी त्यांचा अर्ज संजय गांधी योजनेऐवजी श्रावणबाळ योजनेत करावा लागेल. तिथेही दिव्यांग लाभार्थ्यांना २,५०० रुपयेच मिळतात. बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री आधीच करून घ्या, कारण पैसे थेट खात्यात येतात. पार्किन्सनमध्ये सही बदलत जाते आणि बोटांचे ठसेही नीट उमटत नाहीत, तेव्हा बँकेत त्यांना एकदा घेऊन जाऊन खात्यात तुमचे किंवा आईंचे नाव जोडून घ्यावे.